वाचक विचारतात: कोड दिला म्हणजे वेळही दिला का?

या वेळी ओपन सोर्सवरचीच, म्हणजे कोणालाही बघता-वापरता येईल असा कोड खुला ठेवण्यावरचीच पत्रं घेतलीयेत. सगळ्यात जास्त तीच आली, आणि त्यातली बरीचशी आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची आहेत. गावात बसून कुठकुठल्या लोकांच्या उपयोगी पडणारा कोड सांभाळणारी मंडळी आपल्याकडे आहेत आणि त्यांना आसपास याविषयी बोलायला कोणी नाही, हे वाचताना सारखं जाणवत होतं. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये, तेवढी लागणारच होती.

प्रश्न: ताई, मी अमळनेरचा. नोकरी पुण्याच्या कंपनीत पण काम घरून करतो. मागे एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड) लिहिली होती, आकडा दिला की रक्कम मराठीत अक्षरी लिहून देते. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर टाकली. आता पतसंस्थांची सॉफ्टवेअर बनवणारे, शाळेच्या फी पावत्या काढणारे बरेच जण वापरतात. आनंद आहे, पण इश्यू (वापरणाऱ्यांच्या तक्रारी, मागण्या) साचत चाललेत, रात्री बारा-बारापर्यंत उत्तरं देत बसतो. परवा एकाने लिहिलं, 'अर्जंट आहे, आमचं प्रोडक्शन बंद पडलंय, आजच फिक्स करा.' घरचे म्हणतात सोड हे सगळं. डिलीट करून टाकू का?

उत्तर: भाऊ, आधी एवढं ऐक, डिलीट करू नकोस. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस मिळतात ती जागा) काढून घेतलं, जेमतेम ११ ओळींचा कोड होता, पण बॅबेलसारखी मोठी टूल्स त्याच्यावर उभी होती, मग जगभर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचं काम) पडायला लागले आणि शेवटी एनपीएमने स्वतःच ते परत आणलं. तुझ्या कोडवर ज्यांच्या पावत्या निघतात त्यांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही. थांबायचंच असेल तर नीट थांबायची रीत आहे, ती खाली सांगते.

आता मूळ मुद्दा. तू लायसन्स कुठलं लावलंस ते लिहिलं नाहीस, पण एमआयटी असो, अपाची असो की जीपीएल, सगळ्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर आहे तसं देतोय, कसलीही हमी नाही. म्हणजे तू लोकांना कोड दिलास. वापरा, बदला, आपल्या प्रॉडक्टमध्ये घाला. तुझा वेळ मात्र त्या लायसन्समध्ये कुठेच नाही, तो अजून पूर्ण तुझा आहे आणि त्यातला किती द्यायचा हे तूच ठरवायचं. 'आजच फिक्स करा' म्हणणाऱ्यावर चिडू नकोस, त्याच्या डोक्यावर त्याचा साहेब बसलेला असेल, पण त्याला घाबरूही नकोस. कोड त्याच्याकडेही आहे, त्याचा डेव्हलपर दुरुस्त करू शकतो, नाहीतर आधीचं व्हर्जन लावू शकतो. तू एवढंच लिही: 'कुठलं व्हर्जन, कुठला आकडा दिला, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते कळवा, शनिवारी बघतो, तोवर आधीच्या व्हर्जनवर काम चालवा.' हेच उत्तर गिटहबच्या सेव्ह्ड रिप्लायमध्ये ठेवून दे. शिवाय हेच चार प्रश्न इश्यू टेम्प्लेटमध्ये घातलेस तर बऱ्याच जणांना विचारावं पण लागणार नाही.

मग रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) उघड आणि लायब्ररी काय करते त्याच्या खालीच काय करणार नाही ते लिही. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे एका सरळ नियमात बसत नाहीत, सगळा तक्ताच ठेवावा लागतो, त्यामुळे तो तक्ता चोख असणं आणि हजार-लाख-कोटीचे जोड बरोबर येणं हेच तुझं खरं काम. एकाच आकड्याची दोन रूपं चालत असतील तिथे एक ठरव आणि तसं लिहून ठेव. उद्या कोणी म्हणेल जीएसटी पण काढून द्या, परवा कोणी म्हणेल पावतीची पीडीएफ पण पाहिजे, आणि कोणी तर सगळं करून पीआरच (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तयार केलेला बदल) पाठवेल, तो बघून मोह होणारच. पण मर्ज झाल्यावर, म्हणजे तो बदल तुझ्या कोडमध्ये घेतल्यावर, पाठवणारा निघून जातो आणि पुढे जीएसटीचे बदलते नियम बघत बसायला तूच उरतोस. नाही म्हणणं हे मेंटेनरचं, म्हणजे कोड सांभाळणाऱ्याचं काम आहे, कोड लिहिण्याइतकंच खरं काम. आभार मान, कारण सांग, इश्यू बंद कर.

वेळेचं म्हणशील तर रात्री बसणं आजपासून बंद. फोनवरचं गिटहबचं नोटिफिकेशन काढून टाक, आठवड्यातला एक ठरलेला वेळ ठेव, शनिवार सकाळ म्हण, आणि तो रीडमीमध्ये लिहून टाक म्हणजे वाट बघणाऱ्यालाही कळतं. त्या वेळात आधी फक्त नवीन इश्यू चाळायचे, बग, प्रश्न, मागणी अशी लेबलं लावायची, कोडला हात नाही लावायचा. नंतर जो बग चुकीची रक्कम छापतो तो सगळ्यात आधी, बाकीचं राहिलं तरी चालेल, कारण पावतीवर चुकीचे शब्द म्हणजे कोणाच्या तरी पैशाचा घोळ. बग दुरुस्त करण्याआधी तो दाखवणारी टेस्ट लिही जी फेल होईल, मग दुरुस्ती, म्हणजे तो बग पुढे परत आला तर टेस्टच ओरडेल. शून्य ते ९९ सगळेच आकडे टेस्टमध्ये घालून टाक, एक दुपार जाईल पण नंतर कोणाचाही पीआर आला तरी छातीत धडधड नाही. पब्लिक रेपोला (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्याला) गिटहब ॲक्शन्स फुकट आहे, टेस्ट आपोआप चालू दे.

आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी तातडीची मदत मागितली तर तिचे पैसे सांगायला लाजू नकोस. फक्त तू नोकरीत आहेस, तर बाहेरच्या कामाबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी वाच. फुकटात सगळं जग पाठीवर घेतलं की काय होतं ते एप्रिल २०१४ मध्ये दिसलं, हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष सापडला तेव्हा. तो ज्यात निघाला त्या ओपनएसएसएलवर, म्हणजे नेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या कोडवर, इंटरनेटचा केवढा तरी भाग चालत होता आणि त्या प्रोजेक्टला देणग्या यायच्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. त्यानंतर कुठे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे घातले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक निघालं तेव्हाही जागून पॅच (दुरुस्त्या) काढणारे स्वयंसेवकच होते. मला याचा खरंच त्रास होतो, की इतक्या वेळा होऊनही वापरणाऱ्यांना मागे माणूस आहे हे भोक पडल्यावरच आठवतं.

जोडीला माणूस घे, पण बघून. एक्सझेडची गोष्ट माहीत असेल. सगळीकडे लागणारं कॉम्प्रेशनचं टूल, सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, त्याने मेलिंग लिस्टवर सांगितलंही होतं की हे बिनपगारी हौसेचं काम आहे. तरी काही खोटी वाटणारी खाती 'काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या' म्हणून मागे लागली, आणि दोनेक वर्षं नेटाने चांगले पॅच पाठवणाऱ्या एकाला प्रोजेक्टचे हक्क मिळाले. त्याने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खोदत गेला म्हणून सापडलं, नाहीतर ते जगभरच्या सर्व्हरवर गेलं असतं. यातून दोन गोष्टी घे. घाई करणाऱ्याच्या दबावाखाली हक्क द्यायचे नाहीत, आणि दिले तरी रिलीज करायची किल्ली पहिल्याच दिवशी नाही. आधी त्याला इश्यू चाळू दे, मग पीआर तपासू दे, दोघांच्याही खात्याला टू फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक तपासणी) असू दे.

आपल्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड (शेतांचे गट), आणि पाणी वाटायला पाटकरी. शेकडो वर्षं ती टिकली ती पाटकरी रात्रंदिवस एकटा राबला म्हणून नाही. पाटातला गाळ काढायला ज्यांची शेतं भिजायची ते सगळे यायचे, पाटकऱ्याला त्याचा मोबदला मिळायचा, आणि पाणी पाळीनेच मिळायचं. तुझ्या लायब्ररीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना गाळ काढायला बोलाव. नावं घेऊन बोलाव, 'तुमच्याकडचा एक डेव्हलपर महिन्याला एक बग घेईल का' असं सरळ विचार. सगळे नाही येणार, पण विचारलंच नाही तर कोणीच येत नाही.

एवढं करूनही मन उडालं असेल तर शेवटचं व्हर्जन काढ, रीडमीच्या पहिल्या ओळीत 'आता सांभाळत नाही' लिही, कोणी चांगला फोर्क (कोडची स्वतःची वेगळी प्रत) चालवत असेल तर त्याची लिंक दे, आणि रेपो अर्काइव्ह कर. कोड वाचता येतो, फोर्क करता येतो, नवीन इश्यू येत नाहीत. यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न: मी भुसावळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओपन सोर्स केलं की नोकरी लागते म्हणतात. सुरुवात कुठून करू? एआयकडून कोड लिहून घेऊन पीआर टाकले तर चालेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी. तुला स्वतःला ओळ न ओळ समजावून सांगता येत नसेल तर नको पाठवूस. तिकडे वाचणारा माणूस असतो, वरच्या पत्रातल्या भाऊसारखा, आणि तुझे दोन मिनिटं वाचतात तिथे त्याचा तास जातो. कर्ल हे टूल १९९८ पासून सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने बनवलेल्या बोगस सिक्युरिटी रिपोर्टांबद्दल वैतागून उघडपणे लिहिलंय. आणि २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात ठरावीक पीआर पाठवले की टीशर्ट देणारा उपक्रम) टीशर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादा शब्द बदलून इतके पीआर टाकले की आयोजकांना नियमच बदलावा लागला, आता ज्या प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतला तिथलेच मोजतात.

सुरुवात तू रोज वापरतोस त्या टूलपासून कर, दुसऱ्याच्या यादीवरून नको. इन्स्टॉल करताना जिथे अडलास ती जागा डॉक्युमेंटेशनमध्ये सुधार. मग जुने बग घे आणि तुझ्या मशीनवर होतात का बघ, झाले तर नेमके कसे ते लिही. याला कोणी टाळ्या वाजवत नाही पण मेंटेनरच्या हे चांगलं लक्षात राहतं, मी हे खात्रीने सांगते. कॉन्ट्रिब्युटिंग फाइल (प्रोजेक्टला मदत कशी करायची ते सांगणारी) वाचल्याशिवाय काही पाठवू नकोस. इंटरव्ह्यूमध्ये पन्नास किरकोळ पीआर दाखवण्यापेक्षा एकाच प्रोजेक्टवर वर्षभर काय केलं ते सांगता आलं तर समोरचा ऐकतो.

प्रश्न: ताई, मी शहाद्याहून लिहितेय. लग्नानंतर इथे आले, रिमोट काम करते आणि एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये कोड पण देते. उन्हाळ्यात लाइट जाते, नेट जातं, आणि घरीच असते म्हणून दर अर्ध्या तासाला कोणीतरी हाक मारतं. सलग काम होतच नाही.

उत्तर: अगं, नेटचं त्यातल्या त्यात सोपं आहे. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, लिहिलं गेलं एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सच्या कर्नलवर (गाभ्यावर) काम करणारे जगभर विखुरलेले होते म्हणून रचनाच अशी केली की पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. कमिट (बदल नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी फांदी), जुनं शोधणं, सगळं नेटशिवाय होतं, फक्त पुश (आपले बदल वर पाठवणं) आणि फेच (इतरांचे बदल खाली आणणं) करायला नेट लागतं. सकाळी नेट असताना फेच कर, लागणारी पॅकेजेस उतरवून ठेव, डॉक्युमेंटेशन ऑफलाइन ठेव, झील नावाचं फुकट ॲप आहे त्यासाठी. मोठा रेपो उतरत नसेल तर क्लोन करताना डेप्थ १ दे, फक्त शेवटची अवस्था येते. राउटरला छोटा यूपीएस घे, लॅपटॉपला बॅटरी असतेच.

हाकांचं अवघड आहे आणि ते तुझ्या शिस्तीने सुटणारं नाही, घरात बोलूनच सुटेल. पहाटे पाच ते साडेसात, किंवा तुझ्या घरात जी वेळ खरोखर निघू शकते ती, ती नोकरीची वेळ आहे असं सासूबाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना सांग. ऑफिसला गेलेल्या माणसाला कोणी दळण आणायला पाठवत नाही, तसंच हे. नवऱ्याने त्या वेळात घरातलं काय काय बघायचं तेही नाव घेऊन ठरवा. उरलेल्या तुटक वेळात विचार न लागणारी कामं ठेव, पीआर वाचणं, टेस्टची नावं सुधारणं, कमेंटला उत्तर. आणि उठताना कोडमध्येच एक ओळ लिहून उठ, पुढे काय करायचं होतं ती, म्हणजे परत बसल्यावर सगळं आठवायला वीस मिनिटं जात नाहीत. हे फार छोटं वाटतं पण याचा उपयोग बाकी सगळ्या ॲपपेक्षा जास्त होतो.

प्रश्न: जळगावहून. ओपन सोर्सवर घर चालतं का?

उत्तर: फार थोड्यांचं. नोकरी धरून कर. गिटहब स्पॉन्सर्स (मेंटेनरला पैसे पाठवायची सोय) २०१९ पासून आहे पण त्यातून पगाराएवढं मिळणारे मोजके. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलर जगभरच्या प्रोजेक्टना, तिथे अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधीच वापरात असलेला प्रोजेक्ट लागतो. नवख्यांसाठी गुगल समर ऑफ कोड आहे, त्यात स्टायपेंड मिळतो आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलात तरी चालतं. अर्जाच्या तारखेआधी काही महिने त्या प्रोजेक्टमध्ये दिसायला लागा.

प्रश्न: धुळ्याहून. लायसन्स न लावताच रेपो पब्लिक केला तर?

उत्तर: मग कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि इतरांना तो कोड नीट वापरता येत नाही, बघता येतो आणि गिटहबवर फोर्क करता येतो, तेवढंच. कोणीही कसाही वापरावा असं वाटत असेल तर एमआयटी. बदल करून पुढे वाटणाऱ्याने त्याचा कोडही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या वेळेत लिहिला असेल तर आधी कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.