वकीलताईंना विचारा : हिवाळ्यापुरतं घर, कर्नाटकात

प्रश्न : मी महाबळेश्वर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मंडळींना संधिवात आहे. मार्गशीर्ष-पौषात सकाळी त्यांची बोटं वळत नाहीत, साधी वेणी घालायची तर सुनेला हाक मारावी लागते. मागचे दोन हिवाळे आम्ही कुमठ्याजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहिलो. तिथे त्या रोज स्वतः अंगण झाडायच्या. आता त्याच गावात ११ गुंठ्यांतलं कौलारू घर, विहीर आणि बारा नारळ २६ लाखांना मिळतायत. मध्यस्थ म्हणतो, पाच लाख विसार द्या, स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, खरेदीखत पुढच्या वर्षी. कागदावर नाव मालकाच्या मयत वडिलांचं आहे. आमच्या नावावर कुठेही शेतजमीन नाही. घ्यावं का?

उत्तर : गुरुजी, अंगण झाडण्याचं वाक्य वाचून मी तुमचं पत्र बाजूला ठेवलं आणि चहा करायला उठले. माझ्या सासूबाईंचीही बोटं अशीच होती. त्यामुळे ‘या वयात कशाला ही उठाठेव’ असं मी म्हणणार नाही. पण पाच लाख देऊ नका. निदान आत्ता नाही.

आधी सोपं. शेतकरी असल्याचा दाखला नाही म्हणून अडू नका. आपल्याकडे कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकातही जमीन सुधारणा कायद्यात ७९ अ आणि ७९ ब ही कलमं होती, ती २०२० साली काढून टाकली. मात्र शेतजमीन घेता येते म्हणून तिच्यावरचं घर कायदेशीर ठरत नाही. त्यासाठी जमीन बिगरशेती झालेली लागते. आपण ‘एनए’ म्हणतो, तिकडे ‘कन्व्हर्जन’ म्हणतात.

आता मयत वडील. सातबाऱ्याची तिकडची बहीण म्हणजे ‘पहाणी’. ती ‘भूमी’च्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घालून घरबसल्या दिसते. तिच्यावर मेलेल्या माणसाचं नाव असेल, तर तुमच्याशी बोलतोय तो मुलगा एकटाच मालक आहे असं धरू नका. त्याच्या बहिणी किती, कुठे दिल्या, एखादा भाऊ मुंबईला आहे का, हे मध्यस्थाला विचारू नका, शेजारणीला विचारा. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी तो जात नाही. आधी सगळ्या वारसांची नोंद होऊ दे, त्याला तिकडे ‘पौती खाते’ म्हणतात. मग सगळ्यांच्या सह्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं साठेखत, आणि त्या दिवशी विसार, तोही चेकने. यात ‘पुढच्या वर्षी’ कुठेच बसत नाही. मध्यस्थ मुखत्यारपत्राचा मार्ग सुचवेल. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलंय.

घर गावठाणात असेल तर पहाणी पुरत नाही. ग्रामपंचायतीकडून ‘ई-स्वत्तू’चे, म्हणजे तिथल्या मिळकतनोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ मागा. ‘११ बी’ पुढे केला, तर बांधकामाला परवानगी नाही असं समजा आणि उठा. अकरा गुंठे मोठ्या सर्व्हे नंबरातून तोडून देणार असतील, तर मोजणीचा ‘११ ई’ नकाशाही लागेल. बोजा आहे की नाही ते ‘ईसी’वर (बोजाच्या दाखल्यावर) कळतं, ती किमान तीस वर्षांची काढा. जमीन सरकारने कुणा अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्दबातल ठरते. मधे चार खरेदीखतं झाली असली तरी.

आणि एक खास तिकडची गोष्ट. तुमच्या जागेमागे झाडांचा डोंगरउतार असेल आणि ‘हेही आपलंच’ असं सांगत असतील. तो बहुधा ‘बेट्टा’ असतो. सुपारीच्या बागांना पालापाचोळ्याचं खत मिळावं म्हणून बागायतदारांना दिलेली जंगलाची सवलत. बागवाला तिथला पाला नेऊ शकतो, तुम्हांला तो विकू शकत नाही. बोलीत बेट्टा धरून २६ लाख सांगितले असतील तर भाव तिथेच उतरवा.

कागदांचं इथे संपवते. खरं सांगायचं ते माझ्याच घराचं आहे.

२०१३ साली आम्ही दोघांनी अंकोला तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर घर घेतलं. माझं माहेर बेळगावकडचं, कन्नड वाचता येतं, वकिली हाडात मुरलेली. त्या घराचे कागद मी तीनदा वाचले. विहिरीत मात्र एकदाच वाकून पाहिलं, तेही जानेवारीत. पाणी कसं, तर नारळासारखं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये चहा केला तो मचूळ. शेजारीण म्हणाली, वैशाखात इथे सगळ्यांचंच असं होतं, तुम्ही विचारलंच नाही. मी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. अघनाशिनीच्या खाडीकाठी तुमच्याकडे ‘गजनी’ जमिनी आहेत, आपल्या कोकणातल्या खाजणासारख्या. तिथे कग्गा नावाचा खारं पाणी सोसणारा भात होतो. भात सोसतो म्हणून आपल्या विहिरीने सोसावं असं नाही.

पावसाचं महाबळेश्वरच्या माणसाला मी काय सांगावं! पण तुमच्या घरी पावसात चूल पेटते, माणसं वावरतात. तिकडचं घर जून ते सप्टेंबर कुलपात राहणार. आम्ही दसऱ्यानंतर दार उघडलं तर गादीवर हिरवी लव, माझ्या दोन इरकली साड्यांना बुरशी, आणि चौकटीत बोट घातलं तर आत गेलं. वाळवी. कौलं माकडांनी सरकवली होती ती वेगळीच. आता शेजारणीकडे किल्ली असते, ती आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडते, महिन्याला तिला आम्ही ठरलेले पैसे देतो. तुमच्या गावात असं माणूस कोण, हे घर ठरवायच्या आधी ठरवा.

म्हणून माझी अट एकच : ते घर एकदा आषाढात पाहा. मी आता सांगलीकर, कुठलंही घर पाहताना आमचा पहिला प्रश्न ‘पाणी कुठवर आलं होतं?’ हाच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून तर भिंतीवरची रेघ बघितल्याशिवाय आम्ही पाय आत ठेवत नाही. तिकडे तोच प्रश्न नदीबद्दल आणि डोंगराबद्दलही विचारायचा. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर अख्खा डोंगर खाली आला. रस्त्यासाठी कापलेल्या कड्याखाली घर असेल तर बारा नारळांचा मोह सोडा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनांची) रेषा कुठून जाते ते पंचायतीत विचारा. ती रेषा माहीत नसेल तर उद्या न्हाणीघर वाढवायलाही हात बांधलेले.

पैशांचं थोडक्यात. २६ लाखांवर मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी फी मिळून (ही फी २०२५ च्या ऑगस्टअखेरीस १ टक्क्याची २ टक्के झाली) सुमारे दोन लाख जातील. तेच २६ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला २ लाख १३ हजार येतात. चार महिन्यांचं भाडं त्यात भागून माघारी येताना मंडळींसाठी साडीही होईल. आमचे हे मात्र हा हिशोब मान्य करत नाहीत. म्हणतात, भाड्याच्या अंगणात तुळस लावून आपण येतो आणि पुढच्या खेपेला ती नसते. आमच्या अंगणातली तुळस खाऱ्या पाण्यानेच मेली हे ते सोयीस्कर विसरतात.

तुम्हांला घ्यायचंच असेल, तर येता हिवाळाही भाड्यानेच काढा आणि तोवर मालकाला पौती खाते करू द्या. त्याला खरंच विकायचं असेल तर तो करील. जुलैत एकदा जाऊन या. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट मडगावला जाते, तिथून कारवार-कुमठ्याची गाडी मिळते. मंडळींना त्या खेपेला नेऊ नका, ओल त्यांना सोसायची नाही.

पहाणीची आणि ईसीची प्रत माझ्याकडे पाठवा. मी वाचून कळवते.