भावाशी झालेल्या हाणामारीची केस आहे. शिक्षेची नोंद टाळता येईल का?

तुमच्यावर साध्या दुखापतीचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे ११५(२) असेल, तर वाट आहे. सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: ‘गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा, सुटाल’ हा सल्ला ऐकू नका. दंड कितीही किरकोळ असला तरी ती दोषसिद्धीच असते आणि नोकरीच्या अर्जात पुढे आडवी येते.

हे कलम तडजोडीचे आहे. ज्याला मार लागला तो, म्हणजे तुमचा भाऊ, न्यायालयात आपणहून तडजोड करू शकतो. तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. पण त्याच्यावर दबाव आणू नका, आईला मध्ये घालून रडवू नका. ते चूक आहेच आणि उलटेही पडते. जामिनाच्या अटीत संपर्कबंदी असेल तर वकिलामार्फतच बोला.

तो तयार नसेल तर खटला लढवा. दोषी ठरलात तरी १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही.

पत्नीच्या छळाचे कलम ८५ मात्र असे मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.