कोलेस्ट्रॉल कमी असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो का? भावाची गोळी बंद करावी का?

भावाला बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) आहे, कोलेस्ट्रॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी चालू आहे, कोलेस्ट्रॉल १३८ आलंय आणि कुठेतरी वाचल्यापासून तुम्हाला ती गोळी नकोशी झालीये. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. एवढ्या कारणासाठी तरी गोळी बंद करू नका.

तुम्ही वाचलंत ते अगदीच हवेतलं नाही. १९९० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. कोलेस्ट्रॉल उतरवल्यावर हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, हिंसा आणि आत्महत्येचे वाढलेले दिसले. पुढे मनोरुग्णांच्या बऱ्याच अभ्यासांत, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं कोलेस्ट्रॉल इतरांपेक्षा सरासरीने कमी निघालं. पेशींच्या आवरणातलं कोलेस्ट्रॉल घटल्याने सेरोटोनिनचं (मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) काम मंदावतं, असा तर्क मांडतात. मला तो अर्धवट वाटतो, कारण मेंदू स्वतःचं कोलेस्ट्रॉल स्वतःच तयार करतो. रक्तातलं तिथवर जवळजवळ पोचतच नाही.

नैराश्य वाढलं की माणूस जेवत नाही, वजन उतरतं, त्याबरोबर कोलेस्ट्रॉलही. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे एका रक्ततपासणीवरून कसं ठरवणार? शिवाय १९९०च्या त्या चाचण्या पथ्याच्या आणि जुन्या औषधांच्या होत्या. नंतर स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांत आत्महत्या वाढल्याचं दिसलं नाही. क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं औषध तर रक्तातली चरबी वाढवतं आणि स्किझोफ्रेनियात आत्महत्येचे प्रयत्नही कमी करतं. (चरबीमुळे करतं असं नव्हे, कुणी तूप सुरू करू नये!)

स्टॅटिन घेणाऱ्याचं कोलेस्ट्रॉल १३८ येणं यात नवल नाही. औषध न बदलता ते एकदम घसरलं असेल, वजनही उतरत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ आणि स्टॅटिन देणारे, अशा दोन्ही डॉक्टरांना कळवा.

रिपोर्टपेक्षा त्याची झोप बघा. पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, दारू वाढलीये का, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलतो का, हे बघा. आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना बोलून हलकं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते भेटले नाहीत तर थेट इमर्जन्सीत न्या.