घरात मुद्रित केलेले आवाज घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीत करतो आहे, पण ते तालात बसत नाहीत. काय करावे आणि कोणता मायक्रोफोन घ्यावा?

तालात बसवण्याचा हट्ट सोडावा, हे माझे उत्तर आहे. ते जरा तिखट वाटले तर त्याचे कारण असे, की नेमक्या याच मुद्द्यावरून माझे एका सहकाऱ्याशी बिनसले होते.

माझे बालपण इचलकरंजीत, यंत्रमागांच्या शेडला लागून असलेल्या घरात गेले. धोट्याच्या मागाच्या आवाजात दोन ठळक थर असतात: धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो तेव्हाचा कोरडा तडाखा, आणि फणी आडवा धागा कापडावर ठोकून बसवते तेव्हाचा जड ठोका. शेजारच्या दोन मागांची गती सहसा तंतोतंत जुळत नाही. एक माग मिनिटाला १२० वेळा धोटा फेकत असेल आणि दुसरा ११८ वेळा, तर दर ३० सेकंदांनी दोघांचे तडाखे एकमेकांवर येतात आणि पुन्हा हळूहळू सुटत जातात. बरोबर मध्यावर, पंधराव्या सेकंदाच्या आसपास, दोघांची मिळून स्वच्छ दुगुण ऐकू येते. ती कोणी रचलेली नसते. हेच मला एका कार्यक्रमात ऐकवायचे होते, म्हणून शेडमध्ये केलेले मुद्रण मी केवळ थर वेगळे करून आणि काही ठिकाणी स्वर खाली उतरवून वापरणार होतो. सहकाऱ्याने मला न विचारता प्रत्येक तडाखा कापून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने समान अंतरावर आखलेल्या तालाच्या रेघांवर, नेऊन ठेवला, खाली जाड बेस भरला आणि वर ‘आता कसे सुटसुटीत झाले’ असेही ऐकवले. सुटसुटीत झाले खरे, पण तेवढ्यासाठी शेडमध्ये कापसाची धूळ खात उभे राहण्याची गरज नव्हती. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही तयार ड्रमच्या संग्रहाने ते काम भागले असते.

त्याने मुद्रित आवाजांपासून संगीत रचणारे फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांचा दाखला दिला होता, की त्यांनीही तुकडे एका मापात फिरवलेच होते. फिरवले होते, परंतु का, हे पाहायला हवे. १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांनी रेल्वेवरची जेमतेम तीन मिनिटांची रचना केली, तेव्हा ते चुंबकीय फितीवर नव्हे, तबकड्यांवर काम करत होते. तबकडीची खाच पुढे न सरकता स्वतःलाच येऊन मिळेल अशी कोरली, की तोच तुकडा फिरत राहतो, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने अशी एक फेरी सुमारे ०.७७ सेकंदाची होते. ते माप यंत्राने ठरवले होते. आपल्यावर तशी कोणतीही सक्ती नसताना सॉफ्टवेअरने आखलेल्या रेघांपुढे मान तुकवणे, याला मी आळस म्हणतो.

तेव्हा उलट करावे. वॉशिंग मशीन असो, मिक्सर असो वा शिलाई यंत्र, त्याचे मुद्रण सलग काही मिनिटांचे घ्यावे, त्याची स्वतःची लय शोधावी आणि प्रकल्पाचा वेग तिच्यावरून ठरवावा. तुकडा पूर्ण आवर्तनावर आणि लहर शून्य रेषा ओलांडते तेथेच कापावा, म्हणजे जोडावर टिचकी ऐकू येत नाही. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लांब फाइल आत घेताच वॉर्प, म्हणजे आवाज ताणून-आखडून प्रकल्पाच्या वेगात बसवणारी सोय, आपोआप चालू होते. ती आधी बंद करावी. कदाचित तुमच्या तक्रारीचे मूळही तेथेच असेल.

मायक्रोफोनचे म्हणाल, तर सुरुवातीला फोन पुरतो. मात्र त्यातील आवाज स्वच्छ करण्याची आणि पातळी आपोआप राखण्याची सोय बंद करता येईल असे ॲप हवे, कारण पंख्याची किंवा फ्रीजची सलग घरघर, म्हणजे तुम्हाला हवी असलेली वस्तूच, त्या सोयीला कचरा वाटते. पिझोची चकती, म्हणजे वस्तूची कंपने थेट पकडणारी चपटी चकती, स्वस्तात मिळते आणि फ्रीजच्या पत्र्याला चिकटवली की हवेतून कधीच ऐकू येणार नाही असे काही देते. ती गिटारसाठीच्या इनपुटला जोडावी, साध्या लाइन इनपुटला जोडल्यास खालचे स्वर गळून पडतात.

नाचण्यासाठी संगीत करायचे असेल, तर ग्रिडशिवाय सहसा चालत नाही, एवढे त्या सहकाऱ्याच्या बाजूने मान्य करतो. आमचा कार्यक्रम मात्र खुर्च्यांवर बसून ऐकण्याचा होता.