उड्डाणाआधी विमानाच्या ब्रेकचं हायड्रॉलिक प्रेशर कसं चेक करतात? काटा शून्यावर असेल तर विमान निघतं का?

मी लाइन मेंटेनन्सला आहे, म्हणजे दोन उड्डाणांच्या मध्ये विमानाची देखभाल करतो, बरीच वर्षं एअरबस ए320 वरच हात काळे केलेत म्हणून त्याचंच सांगतो, बोइंगचं थोडं वेगळं असतं. तुमच्या शून्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, एकाच काट्याचं शून्य गेटवर चालत नाही आणि दहा मिनिटांनी तेच शून्य हवं असतं.

कॉकपिटमध्ये एका छोट्या डायलमध्ये तीन काटे असतात. वरचा अक्युम्युलेटरचा, खालचे दोन डाव्या-उजव्या ब्रेकचे. अक्युम्युलेटर म्हणजे नायट्रोजनच्या जोरावर हायड्रॉलिक ऑइल दाबून धरणारं भांडं. रात्रभर इंजिन बंद, पंप बंद, तरी पार्किंग ब्रेक धरून राहतो तो याच्याच जीवावर, किमान 12 तास, आणि पंप गेले तरी निदान सात वेळा पूर्ण ब्रेक मारता येतो. म्हणून पहाटेच्या पहिल्या फ्लाइटला आधी हा वरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायचं, सिस्टिमचं प्रेशर 3000 पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतं. खाली उतरला असेल तर यलो सिस्टिमचा (यलो, ग्रीन ही विमानातल्या वेगवेगळ्या हायड्रॉलिक लाइनची नावं) इलेक्ट्रिक पंप लावायचा, पण खाली उभ्या पोरांना विचारूनच, कारण हीच लाइन फ्लॅप्सना, म्हणजे पंखाच्या मागच्या हलणाऱ्या पट्ट्यांना, पण जाते आणि कोणी तिथे हात घालून उभा असला तर? मग पार्किंग ब्रेक ऑन करून खालचे दोन्ही काटे वर आलेत का बघायचं. इथे शून्य दिसलं तर चाकांचे चॉक, म्हणजे चाकाला लावलेले अडकण, काढायचे नाहीत, विषय संपला.

ब्रेक असा लागलेला असतानाच मी खाली जाऊन ब्रेकची वेअर पिन बघतो, म्हणजे किती झिजलाय ते कळतं, आणि कुठे ओलं दिसतंय का ते. ते जांभळट ऑइल हाताला लागलं की चरचरतं, डोळ्यात गेलं तर विचारू नका.

आता दुसरं शून्य. इंजिनं चालू झाली की नेहमीचं ब्रेकिंग ग्रीन सिस्टिमवर जातं आणि हा डायल दाखवतो यलोचं. त्यामुळे विमान हलल्या हलल्या पायलट पेडल दाबतो तेव्हा विमान हळू झालं पाहिजे आणि खालचे काटे शून्यावरच राहिले पाहिजेत. काटे उठले तर ग्रीनने ताबा घेतलेलाच नाही, तिथेच थांबायचं. गेट सोडल्यावर सीटवर बारीकसा झटका बसतो ना, तो बहुतेक वेळा हाच.

आणि हो, काटे बरोबर आहेत म्हणून चॉक लावायचा कंटाळा करणारे पण असतात. 15 नोव्हेंबर 2007 ला फ्रान्समध्ये तुलूझला नव्या ए340-600 ची जमिनीवर टेस्ट चालली होती, चारही इंजिनं जोरात, ब्रेक लावलेले, चाकांना चॉक नाहीत. विमान सरकलं आणि थेट समोरच्या भिंतीवर चढलं.