ज्वारीचा डबा कुठं ठेवणार, तिथून कपाटं ठरवा

प्रश्न : ताई नमस्कार, जुळे सोलापूरला आमचं रो-हाऊस चालू आहे, प्लास्टर झालंय, फरशी बाकी आहे. लेकीने मोबाईलवर फोटो दाखवून दाखवून हट्टच धरलाय की घर मॉडर्न कॉटेज स्टाईलचं करायचं, म्हणजे फिकट हिरवी कपाटं, पितळी मुठी, खिडकीत बसायला बाकडं वगैरे. दुकानवाला म्हणतो रेडीमेड मॉड्युलर घ्या, आमचा सुतार म्हणतो मी सगळं सागवानात मापाने करून देतो, वरून रंग मारला की तसंच दिसेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, हे थंड देशातलं आहे, आपल्या उन्हात टिकायचं नाही. काय करू सांगा की ओ.

उत्तर : काकू, उन्हाचं काका म्हणतात ते खरंय, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे 42-43 अंश सहज होतं आणि पश्चिमेच्या भिंतीवरचं कपाट संध्याकाळी हाताला गरम लागतं. पण त्यासाठी स्टाईल सोडायची गरज नाही, फक्त कशात बनवायचं ते बदलायला लागतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की हे काम मापानेच करून घ्या, रेडीमेड नको. कॉटेज स्टाईलची खरी गंमत हिरव्या रंगात नाहीच, कपाट त्या घरासाठी, त्या भिंतीसाठी, त्या घरातल्या भांड्यांसाठी बनवलंय असं दिसतं ना, त्यात आहे. रेडीमेडचे खण ठरलेल्या मापाचे असतात, त्यात तुमची काठवट उभी करावी लागते आणि पोतं शेवटी बाल्कनीत जातं.

म्हणून फोटो जरा बाजूला ठेवा आणि आधी घरात काय काय आहे त्याची यादी करा. वर्षाची ज्वारी भरता का, किती डबे, कोठी आहे का. काठवट आणि परातीचा व्यास टेपने मोजा, खालचा खण आतून तेवढा रुंद हवा. शेंगाचटणीच्या, लोणच्याच्या बरण्या किती उंच आहेत बघा. आणि पाणी! चार-पाच दिवसांआड नळ येतो त्या घरात पाण्याची पिंपं कुठं ठेवणार हे कपाटवाल्याला आधी सांगायचं असतं, नाहीतर सगळं सुंदर झाल्यावर निळं पिंप मधोमध उभं राहतं. सिंकशेजारी दार नसलेला एक खण पिंपासाठीच सोडा, पुढून कापडी पडदा लावा, कॉटेज घरांत सिंकखाली असा पडदा असतोच त्यामुळे तो मुद्दाम केल्यासारखाच दिसेल.

ओट्याच्या उंचीचं पण सांगते. सगळीकडे 34 इंच करून टाकतात. उभ्याने भाकरी थापणार असाल तर तेवढ्या उंचीवर खांदे भरून येतात, कारण थापताना वरून जोर लागतो. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा 30 इंचावर घ्या, खाली काठवटीचा खण. हे रेडीमेडमध्ये सहसा मिळत नाही आणि रोज दोन वेळा उपयोगी पडतं.

आता सुतारदादांचं. सागवान उत्तमच, पण त्यावर तो मॅट हिरवा रंग नका मारू. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, मग चौकटीच्या सांध्यावर रंगाला केसासारख्या रेघा पडतात, हे सुताराच्या हातात नसतं, लाकडाचा स्वभावच तो. रंगवायची दारं एचडीएचएमआरची करा, म्हणजे लाकडाच्या भुशाचा घट्ट दाबलेला, ओलीला तोंड देणारा बोर्ड, तो पाण्यात साध्या एमडीएफपेक्षा (तोही भुशाचाच बोर्ड) बरंच जास्त टिकतो, त्यावर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग. सागवान जिथं पॉलिशमध्ये दिसणार तिथंच वापरा, म्हणजे बाकडं, उघड्या फळ्या, बरण्यांची मांडणी. जुन्या दारांचं सागवान घरात पडलं असेल तर ते आधी, फक्त करवत लावायच्या अगोदर खिळे काढून घ्यायला सांगा. कपाटाचा सांगाडा प्लायचा, सिंकखाली आयएस 710 चा म्हणजे मरीन प्लाय, बाकीकडे आयएस 303 चा बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारा चालतो, आणि या नंबराचा शिक्का प्रत्येक शीटवर स्वतः बघा, बिलावर लिहिलंय म्हणून सोडून देऊ नका.

फोटोतली ती सपाट चौकट आणि मधे आत बसलेली पाटी, तिला शेकर शटर म्हणतात, अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांचं साधं, बिननक्षीचं फर्निचर प्रसिद्ध होतं त्यावरून. आपल्याकडे ते शोभतं, पण एक अडचण आहे, चौकटीच्या आतल्या काठावर धूळ बसते आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा. म्हणून खोबण उथळ ठेवा आणि काठ किंचित गोल करून घ्या म्हणजे एका फडक्यात पुसलं जातं. गॅसच्या जवळ साध्या गोंदाने चिकटवलेली एज बँड, म्हणजे बोर्डाच्या कडेची पट्टी, उष्णतेने सुटते, तिथं पीयू ग्लूने लावलेली मागा.

आणि दोन-तीन दारांना लाकडी पाटीऐवजी जाळी बसवा. आपल्या आज्यांच्या घरी दुधाचं जाळीचं कपाट असायचं ना, अगदी तेच. कांदे-बटाटे, भाकरीची टोपली त्यात हवेशीर राहते, आणि खरं सांगू का, फोटोतल्या कुठल्याही कपाटापेक्षा ते जास्त देखणं दिसतं.

माप फरशी आणि टाइल्स झाल्यावरच घ्यायला लावा, आत्ता नाही. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते तुम्हीच बघा, कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट, दुसऱ्यावर 4 फूट खूण करायची, तिरकं अंतर बरोबर 5 फूट यायला पाहिजे. नाही आलं तरी घाबरू नका, भिंतीकडे दीड-दोन इंचाची पट्टी सोडून ती भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवतात. कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका, आणि वाळवीची ट्रीटमेंट फरशीच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात विचारून घ्या.

प्रश्न : मॅडम, शहरातल्या जुन्या पेठेत आमचा वाडा आहे, दगड-मातीच्या भिंती, माळवद. दोन खोल्या नीट करतोय. कंत्राटदार म्हणतो देवळ्या, फडताळं बुजवून सिमेंट प्लास्टर करू मग वॉल-टू-वॉल कपाट बसवू. करू का?

उत्तर : दादा, कृपा करून नका करू. एवढ्या जाड भिंतीत आयतं कोरलेलं कपाट आज कितीही पैसे दिले तरी कोण करून देणार तुम्हाला? फडताळाला आतून चुना मारा, फळ्या बदला, पुढे सागवानी चौकटीत काचेची दारं लावा, झालं तुमचं मापातलं कपाट. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडायची बंद होते आणि मग प्लास्टरसकट पोपडे येतात, चुन्याचंच प्लास्टर करा, मिस्त्री शोधायला वेळ लागला तरी चालेल. अशा भिंतीत जड कपाट टांगायचं नाही, बोल्ट मातीत धरत नाही. नवीन जे कराल ते पायांवर, जमिनीवर उभं राहील असंच करा. खाली काळी शहाबादी असेल तर तिला हात पण लावू नका, घासून तेलपाणी करा फक्त.

प्रश्न : ताई, खिडकीतल्या बाकड्याच्या गादीला सोलापुरी चादर शिवली तर चालेल का? लवकर मळेल का?

उत्तर : चालेल काय, तीच शिवा. जेकार्डची वीण घट्ट असते, रोजच्या बसण्याला टिकते. शिवायच्या आधी दोनदा धुवून घ्या कारण सुती कापड आटतं, आणि खोळीला चेन लावा म्हणजे काढून धुता येईल. खिडकी पश्चिमेची असेल तर गडद लाल, निळी लवकर विटेल, पांढऱ्याकडे झुकणारी घ्या. बाकड्याखाली ड्रॉवर करणार असाल तर 45 किलो वजन पेलणारा चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) घाला, कारण तिथं शेवटी सगळ्या घराच्या रजयाच जातात.