यादी मोठी, दिवस छोटा

प्रश्न : मी घरून दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरण्याचं काम करते. रोज सकाळी वीसेक कामांची यादी करते. संध्याकाळी निम्मी उरतात, आणि नेमकी महत्त्वाचीच. काय करावं?

उत्तर : यादी आदल्या संध्याकाळीच करा. सकाळी केली, की ज्याचा फोन आधी त्याचं काम आधी, असं होतं. सगळी कामं वहीत राहू द्या; रोजच्या चिठ्ठीवर पाचच, क्रम लावून.

क्रमासाठी दोन गोष्टी बघा : उशिराचा भुर्दंड कशावर आहे आणि तुमच्यामुळे कोणाचं अडलंय. मासिक रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेपर्यंत, ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० पर्यंत. २बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर आपोआप बनणारं खरेदीचं विवरण, १४ ला तयार होतं, म्हणून १५ च्या चिठ्ठीवर पहिलं काम खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवण्याचं. जे बिल तिथे दिसत नाही, त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) त्या महिन्यात घेता येत नाही आणि रोख कर वाढतो. हे दुकानदाराला १५ लाच कळलं, तर पैशांची सोय करायला चार-पाच दिवस मिळतात. १९ ला कळलं तर धावपळ आणि वर तुमच्यावर राग.

बरीच कामं रखडतात ती मोघम लिहिल्यामुळे. ‘मेडिकलवाल्यांचं बघणे’ असं नको. ‘मेडिकलची खरेदी बिलं २बीशी जुळवणे, पाऊण तास’ असं लिहा. दीड तासापेक्षा मोठं काम तोडा. आठ तासांपैकी पाचच तास भरा, बाकीचे फोन आणि जीएसटीचं पोर्टल खाऊन टाकतात, विशेषतः २० च्या आसपास.

एखादं काम सलग तीन दिवस पुढे गेलं, तर ते चिठ्ठीवरून काढून वहीत नक्की तारीख टाका.